सरपंचताई, बाहेरचा माणूस म्हणजे नेमका कोण?

प्रति,
सरपंचताई, उपसरपंच भाऊ, ग्रामपंचायतीचे सगळे सदस्य, अन् त्या दिवशी तालुक्यावरून येऊन आमच्या ग्रामसभेत टाळ्या घेऊन गेलेले सगळ्या पक्षांचे पुढारी,

रामराम.

२६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभेत जो ठराव तुम्ही मंजूर करून घेतला तो मी पंचायतीत जाऊन पूर्ण वाचला, नक्कल काढली, अन् मगच हे पत्र लिहायला बसलो. एक प्रत पंचायतीत आवक करून दिली आहे, पण ती फाइलीत जाईल अन् तिथंच राहील हे मला माहीत आहे, म्हणून सगळ्यांनी वाचावं असं उघड लिहितो. गावाचं नाव टाकत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच, अन् वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात असं डोकं चाललेलं गाव काही आपलंच एकटं नाही.

ठरावात काय आहे ते आधी वाचणाऱ्यांना सांगतो. परराज्यातून आलेल्या माणसाला गावात खोली भाड्यानं द्यायची नाही. परराज्यातल्या माणसानं आठवडी बाजारात दुकान लावायचं नाही. अशा माणसाला पंचायत रहिवासी दाखला देणार नाही. अन् सगळ्यात कहर म्हणजे शाळेत लेकरू घालायचं असेल तर आधी गावचा रहिवासी दाखला आणा, जो पंचायत देणारच नाही. कारण लिहिलंय की बाहेरून येणाऱ्यांमुळे गावाची संस्कृती अन् सुरक्षितता धोक्यात आली. हे वाक्य आपल्या गावात तयार झालं नाही, माईकवरच्या भाषणात जसंच्या तसं होतं, ते ग्रामसेवकांनी उतरवून घेतलं एवढंच.

माझा याच्याशी काय संबंध, असं कोणी विचारायच्या आधीच सांगतो. मी संत्र्याचा अन् थोड्या कपाशीचा शेतकरी. शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. माझा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, बैतूल जिल्ह्यातला कोरकू आदिवासी, बायको-लेकरांसकट बगीच्यातल्या खोलीत राहतो. माझी सासुरवाडी सौंसर तालुक्यात, म्हणजे मध्य प्रदेशात. अन् माझा पोरगा चाकणला कंपनीत आहे, तिकडे तो बाहेरचा. म्हणजे तुमचा ठराव माझ्या घरात सगळ्या दारांनी शिरतो.

तर पहिली गोष्ट. परराज्यातला म्हणजे कोण हे ठरावात कुठंच नाही. आधार कार्डावर दुसऱ्या राज्याचा पत्ता असेल तो, असं तोंडी सांगण्यात आलं. आता आपल्याकडून सीमा किती लांब आहे हो? सकाळी गाडीला किक मारली तर पहिला चहा पांढुर्ण्याला होतो. सौंसर, पांढुर्णा, मुलताईच्या बाजूला घराघरात मराठी बोलतात, अन् ती बोली आपल्यापेक्षा निराळी आहे हे पुण्याच्या माणसाला तर सोडा, अकोल्याच्या माणसालाही पटकन कळणार नाही. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत आपण अन् ते एकाच राज्यात होतो, नागपूर राजधानी होती. १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याला जोडले, छिंदवाडा अन् बैतूल तिकडे राहिले. सोयरिकी काही कोणी तोडल्या नाहीत. आजही आपल्या प्रत्येक गल्लीत तिकडची सून आहे. ठराव झाला त्या संध्याकाळी पारावर एक म्हातारा मला म्हणे, "काऊन बापू, आता बुढीले बी माहेरी धाडून देऊ का?" लोक हसले, पण ठरावाचा अर्थ तोच निघतो. जनगणनेत बायांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न हेच निघतं दरवेळी. बाहेरून येणारं माणूस म्हणजे डोक्यात लगेच बिहारचा मजूर येतो आपल्या, पण आपल्या गावात बाहेरून आलेली सगळ्यात जास्त माणसं आपल्याच चुलीपाशी आहेत.

अन् त्या सुनांची खरी अडचण काय आहे याच्यावर पंचायतीनं कधी एक ओळ लिहिली नाही. तिकडून लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या बापाच्या जातीचा दाखला इकडे चालत नाही, एका राज्यातलं आरक्षण दुसऱ्या राज्यात गेल्यावर मिळत नाही असा नियम आहे, अन् ओबीसीला तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा महाराष्ट्रातला पुरावा मागतात. आता जिचा बाप अन् आजा दोघंही सौंसरचे, तिनं तो आणावा कुठून? आमच्याच गल्लीतली एक शिकलेली सून, बचत गट चालवते, हिशेब तोंडपाठ, पण राखीव जागेवर उभी राहू शकली नाही. राजकारणात बाहेरून आलेल्यांचा काय परिणाम होतो हे बघायचं तर एक हा बघा, जी चांगलं काम करू शकली असती ती उंबऱ्यावरच थांबली. ठराव करायचाच होता तर सीमेवरच्या तालुक्यांसाठी यात काही वाट काढा असा शासनाला पाठवायचा होता.

दुसरं, आपण स्वतः कोण, हे पण एकदा बघून घ्या. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाहनं १७०२ च्या सुमारास नागपूर वसवलं तेव्हा शेतकरी, कारागीर बाहेरून बोलावून आणले होते. मग भोसले आले अन् त्यांच्यासोबत त्यांची माणसं. इंग्रजांच्या वेळेस कापसाला भाव चढला, १८६७ ला मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली, तिच्या मागोमाग मारवाडी, कच्छी व्यापारी अन् जिनिंगवाले. टाटांनी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल काढली. वर्ध्याचे जमनालाल बजाज राजस्थानात जन्मले होते, अन् गांधीजी १९३६ ला सेगावात राहायला आले, ज्याचं पुढे सेवाग्राम झालं, त्यामागे तेच होते. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी मारवाडी घरातले, त्यांना लोकांनी विदर्भ केसरी केलं, अन् वेगळ्या विदर्भाची मागणी बापूजी अणे अन् या बियाणींनीच लावून धरली होती. खाली चंद्रपूर-गडचिरोलीकडे कितीतरी घरं तेलुगू मुळाची आहेत, आज त्यांच्यातले आमदार-मंत्री होतात अन् कोणाला त्याचं काही वाटत नाही. सगळेच साधुसंत होते असं मी म्हणत नाही. सावकारीत आपल्या आजा-पणजाच्या जमिनी गेल्या त्याही याच काळात, तसे सावकार त्यांच्यात होते अन् आपल्यातही होते. पण विदर्भाचं राजकारण बाहेरून आलेल्या माणसांना वगळून सांगायचं म्हटलं तर सांगताच येत नाही.

आता मुद्द्याचं बोलतो, पुढारी भाऊंनी हे नीट वाचावं.

तुम्ही भाषणात म्हणाले की बाहेरचे येतील अन् आपलं राजकारण ताब्यात घेतील. राजकारणात वजन कशानं ठरतं? डोक्यांच्या मोजणीनं. २००८ ला मतदारसंघांची फेररचना झाली, २००१ च्या जनगणनेवर. त्याच्या आधी विधानसभेत विदर्भाच्या ६६ जागा होत्या, त्या ६२ झाल्या. लोकसभेच्या ११ होत्या, १० झाल्या. तेव्हाच्या एकट्या ठाणे जिल्ह्याच्या जागा २४ झाल्या. का? कारण ठाण्यात माणूस आला. कोकणातून आला, यूपीतून आला, मराठवाड्यातून आला अन् आपल्या विदर्भातूनही गेला. जिथं माणूस येतो तिथं आमदार वाढतो, जिथून जातो तिथला कमी होतो, एवढा सोपा हिशेब आहे हा. आपले चार आमदार अन् एक खासदार कोण्या बिहाऱ्यानं नेले नाहीत, ते आपल्याच पोरांनी बॅगेत भरून पुण्या-मुंबईला नेले, अन् पोरांचा तरी काय दोष, इथं काय ठेवलंय त्यांच्यासाठी? संत्र्यावर प्रक्रिया करणारे कारखाने किती निवडणुकांपासून ऐकतोय, बांगलादेशनं आयात शुल्क वाढवत नेलं की आमचा माल झाडाखाली सडतो, पाण्याचं म्हणाल तर वरूड तालुका ड्राय झोनमध्ये, बोअर खणत गेलं तरी धूळ. मग पोरगा चाकणला नाही जाणार तर काय करणार.

आता २०२७ ची जनगणना जाहीर झाली आहे. लोकसभेच्या जागांचा आकडा घटनेनं २०२६ नंतरच्या जनगणनेपर्यंत गोठवून ठेवला होता, म्हणजे यानंतर पुन्हा मांडणी होणार. जनगणनेत माणूस जिथं राहतो तिथं मोजला जातो. अशा वेळेला राहायला आलेल्या माणसाला खोली देऊ नका, दाखला देऊ नका, लेकरू शाळेत घेऊ नका असा ठराव करणारं गाव स्वतःचंच वजन कमी करून घेतं. माझा सालदार इथं मोजला गेला तर तो विदर्भाच्या खात्यात पडतो. त्याला हाकललं तर तो बैतूलच्या खात्यात, अन् माझा पोरगा तर आधीच पुण्याच्या खात्यात गेलाय. मग आपल्याकडे राहिलं कोण? आपण म्हातारे अन् बंद घरं.

आणखी एक. हे भांडण आपलं नाही, ते मुंबईहून आणलंय. तिकडे १९६६ पासून हे चालू आहे, आधी दाक्षिणात्य, मग उत्तर भारतीय, २००८ ला रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या पोरांना मारलं. तिथल्या मराठी माणसाचं दुखणं खोटं आहे असं मी म्हणणार नाही, घर परवडत नाही, नोकरीत नाव लागत नाही, दुकानात मराठी बोललं तर समोरचा तोंड वाकडं करतो, हे खरं आहे. पण तिथलं औषध इथं चालत नाही. इथं सालदार मिळत नाही म्हणून पाडव्याच्या आधी लोक गाड्या घेऊन मेळघाटात अन् बैतूलकडे फिरतात, माणूस पक्का करायला आधीच उचल देतात. कापूस वेचायला बाया कमी पडतात तर तिकडून जीप भरून आणतो. तुमच्यापैकी तीन सदस्यांच्या शेतात आज तिकडचेच गडी आहेत, तुम्ही ठरावाला हात वर करत होता तेव्हा ते गडी बगीच्यात पाणीच देत होते. म्हणजे दिवसा शेतात चालतो, रात्री गावात नको, असंच ना?

संस्कृतीचं म्हणाल तर त्यावर मला जास्त बोलायचंय, कारण तिथं मला पण दुखतं.

भुलाबाई बुडाली हे खरं आहे. माझी बहीण लहान होती तेव्हा भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत रोज एकेकीच्या घरी पोरी जमायच्या, गाणी म्हणायच्या, डब्यात खिरापत काय आहे ते ओळखायच्या. आज गावात भुलाबाई मांडणारी घरं बोटावर मोजावी लागतात, त्याच दिवसांत चौकात गरबा असतो, मोठा डीजे, लायटिंग. आता सांगा, आपल्या गावात गुजराती घर आहे का एक तरी? गरबा टीव्हीतून आला अन् मंडप, डीजे, बक्षिसांचे पैसे आपल्याच पुढाऱ्यांनी दिले, बॅनरवर फोटो आहेत अजून. गरब्याला माझा विरोध नाही, पोरींना नाचू द्या, पण संस्कृती बुडाली म्हणून विटाभट्टीवरच्या माणसाला धरायचं हे मला समजत नाही, त्या बिचाऱ्याला तर दिवसभर माती तुडवल्यावर उभं राहायचं त्राण नसतं.

भाषेचंही तेच. पहिलीपासून हिंदीचा जीआर एप्रिल २०२५ मध्ये निघाला तो मंत्रालयातून निघाला, सालदाराच्या खोलीतून नाही. विरोध झाला अन् २९ जूनला मागे घेतला, बरं झालं, मी पण विरोधातच होतो. हिंदी आपल्याला काही परकी नाही, तुकडोजी महाराजांनी मराठीतही भजनं केली अन् हिंदीतही केली, आपण दोन्ही म्हणत मोठे झालो. पण पहिलीच्या लेकरावर ओझं टाकायचं कारण नव्हतं. ते वेगळं. आता आपल्या गावात मराठीचं काय चाललंय ते शाळा समितीवर असल्यामुळे मला रोज दिसतं, ते सांगतो.

सकाळी पिवळ्या व्हॅन येतात, गावातली बहुतेक लेकरं कॉन्व्हेंटला जातात, सरपंचताई तुमची नातवंडंसुद्धा. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत उरतं कोण? गरिबाची लेकरं अन् सालदारांची, विटाभट्टीवाल्यांची. १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा जीआर माहीत आहे ना, पटसंख्या वीसच्या खाली गेली की शिक्षकांची पदं जातात. आपल्या शाळेचा पट वीसच्या वर आहे तो या बाहेरच्या लेकरांमुळे आहे. घरी कोरकू बोलणारं पोर दोन वर्षांत मराठी धडा घडाघडा वाचतं. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा दिनाला आमच्या सालदाराच्या पोरीनं कविता म्हटली, न अडखळता, अन् समोर बसलेल्या कॉन्व्हेंटच्या आपल्या पोट्ट्यांना अडुसष्ट म्हणजे किती ते इंग्रजीत सांगावं लागतं. मराठी कोण टिकवून ठेवतंय या गावात? अन् तुम्ही त्याच लेकराला शाळेत यायला दाखला मागता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात वयाचा कागद नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही असं स्वच्छ लिहिलंय, पण कायदा बाजूला ठेवा, ही लेकरं गेली तर आपली शाळाच बंद होते एवढं तरी दिसायला पाहिजे होतं.

कायद्याचं थोडक्यात सांगून टाकतो. घटनेच्या १९ व्या कलमानं या देशातल्या माणसाला कुठंही जायचा, राहायचा, धंदा करायचा हक्क दिला आहे, ग्रामसभेला तो काढून घेता येत नाही. अन् तो ठराव तुम्ही प्रजासत्ताक दिनी केला. कोरमला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर माणसं, जे कमी असेल ते लागतं, तेवढी तिथं होती का? खुर्च्या मी पाहिल्या आहेत. सह्या नंतर घरोघरी जाऊन घेतल्या, एका घरी तर म्हातारीला घरकुलाचा कागद आहे म्हणून अंगठा लावायला लावला.

आता तुम्ही म्हणाल हा माणूस बाहेरच्यांचीच बाजू घेऊन राहिला. तर नाही. बाहेरून आलेल्यांमुळे होणारे त्रास आहेत, खरे आहेत, अन् ते मी तुमच्यापेक्षा जास्त स्पष्ट लिहितो, कारण तुमच्या ठरावात त्यातला एकही नाही.

विटाभट्टीचा ठेकेदार मजूर आणतो त्याची कुठंच नोंद नसते. १९७९ पासून आंतरराज्य मजुरांसाठी कायदा होता, ठेकेदाराला परवाना, मजुराला पासबुक, येण्या-जाण्याचा खर्च, आता तो कायदा नव्या कामगार संहितेत मिसळला आहे. असं पासबुक मी आजपर्यंत एकाही मजुराच्या हातात पाहिलं नाही. मजूर आधीच उचल घेऊन आलेला, बोलू शकत नाही, म्हणून ठेकेदार त्याला कमी देतो, अन् मग तोच भाव आपल्या गावच्या मजुरालाही सांगतो, परवडत असेल तर ये नाही तर तिकडचे आहेत माझ्याकडे. इथं आपल्या माणसाचं नुकसान होतं. पण ते कोण करतं? मजूर की ठेकेदार? ठेकेदार आपल्याच तालुक्यातला आहे अन् गणपतीच्या वर्गणीत त्याचं नाव सगळ्यात वर असतं. वणी, चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणींत खाजगी कंपन्या बाहेरून माणसं आणतात अन् जमीन गेलेल्या घरचा पोरगा गेटवर उभा राहतो, तिकडच्या नातेवाइकांकडून हे ऐकतो तेव्हा माझंही डोकं फिरतं. उद्योगांत ८० टक्के स्थानिक घ्यायचे हे शासनाचं धोरण जुनं आहे. मग एखाद्या कंपनीच्या गेटवर जाऊन यादी मागितली का तुम्ही कधी? तिथं माईक नसतो म्हणून नसेल मागितली.

दुसरा त्रास बँकेचा. जून महिन्यात पीक कर्जासाठी माणूस रांगेत उभा, साहेब दुसऱ्या राज्यातून बदलून आलेला, फॉर्म इंग्रजीत, काही विचारलं तर हिंदीत झिडकारतो. म्हाताऱ्या शेतकऱ्याला कळतच नाही की नवं-जुनं करताना आपण कशावर सही केली. रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत की ग्राहकाला लागणारे फॉर्म इंग्रजी, हिंदी अन् तिथल्या भाषेत पाहिजेत. बाहेरून आलेल्या ज्या माणसानं मराठी शिकलीच पाहिजे तो हा आहे, त्याच्या हातात आपल्या खरिपाची किल्ली असते. अन् नेमकं त्याच्यासमोर तुम्ही सगळे हात जोडून उभे राहता. बाजारात चाऊमीनची गाडी लावणारा पोरगा दोन महिन्यांत "तिखट टाकू का काकू" म्हणायला शिकला, त्याची गाडी उलटवायची भाषा करता.

अन् तिसरं, मतदार यादी. हे लिहायला नको होतं पण लिहितोच. मागच्या पंचायत निवडणुकीच्या आधी विटाभट्टीवरच्या माणसांचे फॉर्म कोणी भरून घेतले? जी माणसं दिवाळीनंतर येतात अन् पावसाळ्याआधी जातात त्यांची नावं आपल्या वॉर्डात लागली, मतदानाच्या दिवशी ट्रॅक्टरनं आणली, जेवण दिलं. कायद्यानं माणूस जिथं खरोखर राहतो तिथं एकाच ठिकाणी नाव पाहिजे. जो सालदार कुटुंबासह इथंच राहतो त्याचं नाव घालायला तुम्हाला वेळ नाही कारण तो कोणाला मत देईल याची खात्री नाही, अन् जो काही महिन्यांचा पाहुणा त्याचं नाव लगेच. दोन्ही बाजूंनी केलं हे, एकट्या सरपंच गटानं नाही. म्हणून मतासाठी त्यांना आणणारे अन् मत झाल्यावर त्यांच्याविरुद्ध ठराव करणारे तेच लोक पाहिले की रागापेक्षा हसू येतं.

माझ्या पोराचं एक सांगतो अन् मागण्यांकडे वळतो. चाकणला त्याला खोली शोधताना घरमालकानं विचारलं, विदर्भातला का, तिकडच्यांना आम्ही देत नाही. मराठी माणूस, मराठी मालक. पोट्टा "करून राहिलो" म्हणाला की लाइनवरची पोरं हसतात. तिथंही उद्या एखाद्या पंचायतीनं आपल्यासारखाच ठराव केला तर तुम्ही कोणत्या तोंडानं बोलणार? आपल्या गावातून बाहेर गेलेली पोरं आज गावात येऊन राहिलेल्यांपेक्षा जास्त आहेत, हे तुम्ही घराघरात जाऊन मोजा.

आता मागण्या. पंचायतीकडे आधी.

२६ जानेवारीचा ठराव १ मेच्या ग्रामसभेत रद्द करा, कोरम मोजून, सह्या तिथल्या तिथं घेऊन. तोपर्यंत कोणालाही खोली सोडायला सांगू नका अन् बाजारात कोणाची गाडी अडवू नका.

शाळेत प्रवेशाला पंचायतीच्या दाखल्याची अट आजच काढा, १ मेची वाट बघू नका. विटाभट्टीवर अन् बगीच्यांत शाळेच्या वयाची किती लेकरं आहेत याची यादी शाळा समिती करायला तयार आहे, पंचायतीनं फक्त सोबत एक माणूस द्यावा, कारण ठेकेदार आम्हाला आत येऊ देत नाही.

बाहेरून मजूर आणणाऱ्या प्रत्येकाची नोंद पंचायतीत ठेवा, ठेकेदार असो की शेतकरी, मी सुद्धा. किती माणसं, कुठली, किती मजुरी, राहायची सोय काय, संडास आहे की नाही. ती यादी कामगार कार्यालयाला पाठवा. सुरक्षिततेची एवढी काळजी असेल तर ती नोंदीनं होते, माणूस हाकलून होत नाही. अन् किमान मजुरीपेक्षा कमी देणाऱ्याचं नाव नोटीस बोर्डावर लावा.

बँकेला पंचायतीच्या लेटरहेडवर पत्र द्या की पीक कर्जाचे सगळे फॉर्म मराठीत पाहिजेत अन् काउंटरला मराठी समजणारा माणूस पाहिजे. पत्र मी लिहून देतो, सह्या तुम्ही करा, द्यायला मात्र सगळे मिळून जाऊ.

मतदार यादी चावडीवर वाचून दाखवा. जे इथं राहत नाहीत ती नावं कमी करायला अर्ज करा, मग ते विटाभट्टीचे असोत की पुण्यात फ्लॅट घेतलेले आपले भाऊबंद, अन् जे खरंच राहतात त्यांची घाला.

पुढारी भाऊंकडे माझं मागणं थोडं आहे. पुढच्या वेळी आमच्या ग्रामसभेत माईक घ्याल तेव्हा ६६ चे ६२ कसे झाले त्याचं उत्तर घेऊन या. १९५३ च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च अन् नोकऱ्या देऊ असं लिहिलं होतं, त्यातलं आपल्याला किती मिळालं ते सांगा. विदर्भ विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली तेव्हा तुमच्यापैकी कोणी कोणत्या गावात ठराव केला होता तो दाखवा. संत्र्याच्या कारखान्याची जागा दाखवा. अन् सीमेवरच्या सुनांच्या जातीच्या दाखल्याचा प्रश्न येत्या अधिवेशनात मांडणार की नाही ते लेखी द्या.

१ मेच्या ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते. त्या नोटिशीत हा विषय घेतला तर मी आभार मानीन, जाहीर मानीन. नाही घेतला तर ठरावाची नक्कल अन् त्या सह्यांची तक्रार घेऊन गट विकास अधिकाऱ्यांकडे जाईन, सोबत म्हातारीलाही नेईन, तिनं हो म्हटलंय.

आपला,
शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य अन् संत्रा उत्पादक
तालुका वरूड, जिल्हा अमरावती